एकोणसत्तर, एकतीस

एकोणसत्तर भाग टायटॅनियम,
एकतीस भाग बोरॉन.
काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसायचं,
नाहीतर बोरॉन उडतं
आणि आठवडाभर रुमालात तपकिरी निघत राहतं.

ट्रॉम्बेच्या खाडीकडून येणारी हवा
आमची पहिली वैरीण.
भुकटी रात्रभर ओव्हनमध्ये,
सकाळी बाहेर काढली की बाळंतिणीसारखं
तिला वारं लागू द्यायचं नाही.

बस्त्याव परेरा, मरोळ गावठाणचे,
बत्तीस वर्षं हेच काम.
टंगस्टनची तार पेन्सिलीवर गुंडाळून
सात वेढे घालायचे. आठवा कधीच नाही.
का, विचारलं तर म्हणायचे,
"आठव्याला तार रुसते."

दाबयंत्रातून निघालेली वडी
शाळेतल्या अर्ध्या खडूएवढी,
राखाडी, थंड, निमूट.
कुणाला सांगून पटणार नाही
की हिच्या पोटात तीन हजार अंश आहेत,
आत्ता, माझ्या हातमोज्यात,
एक कोपरा जागा करायचा तेवढा बाकी.

बाबा माझगावच्या ओतशाळेत होते.
तिथली भट्टी आठ-आठ दिवस कोळसा खायची,
बाबा रात्री उठून तिला भरवायला जायचे.
दुभती म्हैस आहे ती, आई म्हणायची,
फक्त दूध आपल्याकडे येत नाही.

इथे भरवणं नाही.
एकदा शिवायचं आणि मागे सरायचं.
जळलेला थर शेजारच्याला पेटवतो,
तो त्याच्या शेजाऱ्याला,
आणि शेवटी जे उरतं
ते काचेवर ओढलं तर काच हरते.

कधी मध्येच विझतं.
अर्धी वडी झालेली, अर्धी नुसतीच भुकटी,
अशा अर्धवटांनी काकांचा खण भरलेला.
"फेकायच्या कशाला?
कुठे थांबली ते तर कळतं."

आणि तो मंगळवार.
आर्गॉन सोडला, कॅमेरा लावला,
साहेब काचेशी नाक लावून.
बटण दाबलं
आणि वीज गेली.
आमचीच नाही, पार चेंबूरपर्यंत.
तारेला मिळाला असेल अर्धा सेकंद.
"गेलं," साहेब म्हणाले.

गेलं नव्हतं.
अंधारात, जाड काचेमागे,
वरच्या कडेला एक पांढरी रेघ उठली
आणि कुणाची वाट न बघता
खाली उतरत गेली.
दोन सेकंद. फार तर सव्वादोन.
तेवढ्यात मला दिसलं
साहेबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण,
भिंतीवरचं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
आणि बस्त्यावकाका,
वडीकडे चक्क पाठ करून
आम्हा तिघांच्या सावल्या बघत.
इतकी वर्षं तिच्याकडेच बघितलं,
नंतर म्हणाले,
ती कुणाकुणावर पडते ते आज बघितलं.

मग लाल. मग विटकरी. मग काहीच नाही.
जनरेटर खोकला चार मिनिटांनी.

कॅमेऱ्यात काही नाही. तापमानाचा आलेख कोरा.
वडी मात्र सरळ, एकही तडा नाही,
तशी आधी झाली नव्हती,
नंतरही झाली नाही.
वहीत मी लिहिलं:
नमुना २१७, वीज नाही, प्रयोग यशस्वी.
साहेबांनी 'यशस्वी'खाली लाल रेघ मारून
बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

काका निवृत्त झाले तेव्हा
तो खण माझ्याकडे आला.
सगळ्या अर्धवट वड्या मोजून घेतल्या.
२१७ साठ्याच्या कपाटात नव्हती,
खणातही नव्हती.
विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मरोळला गेले.
काकी चहा टाकायला आत वळल्या
तेव्हा दिसलं,
खिडकीच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात,
बोटभर लांब ओरखडा,
सरळ,
वरून खाली.