दाताच्या कण्या

ग्रिम्सबीत दवाखान्यांचे फोन आठला सुरू होतात.
आठला एक मिनिट कमी असतानाच
मी अंगठा टेकवून बसते.
उजव्या गालात लवंग,
अंगावर अजून रात्रपाळीचा जांभळा ट्युनिक.

"सॉरी लव्ह, नवे पेशंट घेत नाही."
"यादी दोन वर्षांपासून बंद आहे."
"खाजगी चालेल? मग उद्यासुद्धा या."
"पोटात बाळ आहे का? नाही? मग अवघड आहे."

वीजबिलाच्या पाठीवर मी नावं खोडत जाते.
क्लीथॉर्प्स. इमिंगहॅम. लाउथ.
तेरावं नाव खोडताना कळलं
दाताच्या कण्या करणं कशाला म्हणतात,
तेही दात ठणकत असताना.

आई म्हणते, बार्शीला ये,
आपला खुपेरकर पाच मिनिटांत उपटून देईल.
आई, विमानाच्या तिकिटात इथे सोन्याची दाढ बसेल.
ती हसते.
मी हसत नाही, वारा लागतो.

रात्री होममध्ये मी सात कवळ्या घासते.
प्रत्येक डबीवर नाव चिकटवलेलं,
एकदा अदलाबदल झाली होती
तर सकाळचा टोस्ट कुणालाच चावेना.

मिसेस थॉर्ली, वय एक्क्याण्णव,
उघड्या हिरड्यांनी सांगतात:
"एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी भेट दिली.
सगळे दात काढून घेतले.
चांगले होते, तेसुद्धा.
पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून."
दुखलं का हो?
"भेट होती ना," त्या म्हणाल्या,
आणि भेट पाण्यात नीट बुडाली का
ते वाकून पाहिलं.

चौदावं नाव लिंकनचं.
कुणीतरी वेळ रद्द केली होती.
मंगळवार, दोन दहा.

डॉक्टर इलिंका रोमानियाची, माझ्याहून लहान.
पडद्यावर माझी वरची दाढ:
तीन मुळं, एकाच्या टोकाशी
मसुराएवढा काळा डाग.
तिने पावतीच्या मागे चित्र काढलं.
"आतली नस मेलीय. दाढ नाही मेली."
मग तिच्या इंग्रजीतून माझ्या इंग्रजीत
रूट कॅनल हळूहळू उतरलं:
केसासारख्या सुयांनी नळ्या साफ करायच्या,
रबरासारखं काही भरून तोंड बुजवायचं,
वरून टोपी.
दोन खेपा, कदाचित तीन.
"नाहीतर काढून टाकू. पंधरा मिनिटं. आत्ताच."

पंधरा मिनिटं.
नऊला माझी पाळी होती.
पगाराला अजून अकरा दिवस.
खिडकीच्या काचेवर पाण्याचा ग्लास होता,
नुसता ग्लास, त्यात काहीच नव्हतं.

"राहू दे," मी म्हणाले. "म्हणजे, दाढ राहू दे."

इंजेक्शनने अर्धा ओठ परका झाला.
शेवटी तिने आत तात्पुरतं सिमेंट दाबलं
आणि तोंडभर ओळखीचा वास सुटला.
लवंग?
"लवंगेचं तेल," ती मास्कच्या आतून म्हणाली.
तीन आठवडे मीही तेच करत होते, फुकट.

रात्री मिसेस थॉर्लींनी विचारलं, काढलीस?
नाही.
त्यांनी चष्मा लावला, उशाचा दिवा वळवला,
माझी हनुवटी दोन बोटांत धरली
आणि आ कर म्हणाल्या.
कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी घंटी वाजत होती.
त्या मोजत होत्या.
एकोणीस, वीस, थांब, हलू नकोस,
एकवीस.