शेऱ्याचा रकाना

सोहारच्या वेधशाळेच्या अंगणात एक पांढरी पेटी,
झडपांची, चार पायांवर उभी.
आतले तापमापक दीड मीटरवर,
उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावेत असे.
पुस्तकात तीच उंची दिली आहे.
पुस्तक लिहिणारा उभा असणार.

मी बसलेली असते.
बाणकोटच्या वळणावर रिक्षा उलटली
तेव्हा अकरा वर्षांची होते. तो विषय इथेच संपला.

मुलाखतीला तिघे होते. एकाने विचारलं,
फुगा सोडताना धावावं लागतं, ठाऊक आहे ना?
म्हटलं, धावायचं ते वाऱ्याने,
आपण फक्त सोडायचा असतो.
दोघे हसले.
थुरैया बिंत सैफ हसल्या नाहीत,
अर्जाच्या कडेला काहीतरी लिहीत राहिल्या.
मी रुजू झाले तेव्हा तीन पायऱ्यांच्या जागी
सिमेंटचा उतार होता, नीट वाळलेलाही नव्हता.
त्यावर पहिल्या दिवशी एक मांजर गेलं
आणि दुसऱ्या दिवशी मी.
दोघींच्या खुणा अजून आहेत.

थुरैया म्हणजे कृत्तिका.
उन्हाळ्याच्या तोंडावर त्या चाळीस रात्री
आकाशातून गायब असतात म्हणे.
आमच्या बाई कधी रजा घेत नाहीत.

त्यांनी मला गर्बी शिकवला,
डोंगराकडून येणारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा.
मी त्यांना मतलई दिला,
रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा.
त्या थबकल्या. मतला तर आमचा,
उगवतीची जागा. तुमच्याकडे कसा गेला?
कुणी तांडेल घेऊन गेला असेल, खजुराच्या पाटीखाली दडवून.
पण आमच्याकडे जमीन उगवतीला,
इथे उगवतीला समुद्र.
म्हणजे शब्द घरी परतला
आणि त्याची दिशा चुकली.
परीक्षेत हे लिहू नकोस, बाई म्हणाल्या.

आकडे वाचायचे कसे, हा प्रश्न होताच.
अभियंत्यांनी आरसा लावून दिला.
त्यात सगळं उलटं दिसायचं,
बेचाळीस की चोवीस, मीच हसायचे.
मग बाईंनी वेल्डर बोलावला,
दुसरी पेटी करवली, माझ्या डोळ्यांच्या उंचीची.

जुलैतल्या एका दुपारी
वरची म्हणाली सेहेचाळीस पूर्णांक दोन,
खालची सत्तेचाळीस पूर्णांक चार.
कुठला पाठवू?
वरचा. जगाशी जुळायला हवा.
आणि हा?
बाईंनी बोट ठेवलं शेवटच्या रकान्यावर. शेरा.

तेव्हापासून शेऱ्यात लिहिते.
ओल्या तापमापकाची मलमलीची वात
दर रविवारी बदलते, स्वच्छ, साबण न लावता.
घाम अजून माणसाच्या कामाचा आहे की नाही
हे ती वात सांगते.
बाहेर दुपारच्या सुट्टीनंतर
फरसबंदीवाले पुन्हा उकिडवे बसतात,
हातमोज्यांतून एकेक ठोकळा ठोकत.
त्यांच्या तोंडाशी जी हवा आहे
तिच्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नाही.

हातमोजे मीही घालते,
नाहीतर चाकाची कड चटका देते.

अब्बा बंदरामागे सळया बांधतात, वाकून, एकोणीस वर्षं.
माझ्या नोकरीचं त्यांना एवढंच कळतं
की मुलगी ऊन मोजते, त्याचे पैसे मिळतात,
आणि ऊन काही संपत नाही, म्हणजे पक्की नोकरी.
रात्री सुकट भाजताना मी त्यांना
दोन पेट्यांची गोष्ट सांगितली.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग तळहात जमिनीपासून वीतभर वर धरला,
जिथे त्यांची बोटं दिवसभर तार पिळत असतात.
इथली पेटी कधी?

सुकट थोडी करपली.
वेल्डरचं नाव मुर्तझा की मुस्तफा,
त्याचा नंबर वेधशाळेतल्या
जुन्या वहीत कुठेतरी आहे.