बेट

लोलयेच्या आमच्या कुळागरात
पोफळींखाली, पाटाच्या दोन्ही कडांना
आईचं अळू.
काळ्या देठाचं वडीला,
हिरवं पातळ भाजीला.
आणि माडी, जिचे फक्त कांदे काढायचे,
चवथीच्या खतखत्यात तेच.

चिरताना एक नियम होता:
त्या शब्दाचा उच्चार करायचा नाही.
हाताला काहीही होवो,
बोललं की घशाला लागतं.
मग आम्ही म्हणायचो, "आई, ते होतंय."
ती आमाडे ठेचत, न बघता,
"होऊ दे. खोबरेल चोळ."

कायतान बोटीवर कुक होता.
दहा महिने दर्या, दोन महिने लोलये.
त्या वर्षी दिवाळीनंतर आला तो
पार पलीकडच्या समुद्रातून,
जिथे नकाशावर नुसते
माशी बसून गेल्याचे ठिपके
आणि बोट जवळ गेली की त्यातून डोंगर निघतो.

"वैनी, तुमची माडी तिथे!
गुडघाभर पाण्यात, वाफ्यामागून वाफे.
दगडांचे बांध. वरच्याचं पाणी खालच्याला.
तुंबवायचं नाही,
खाली कुणीतरी आहे म्हणून."
सारवलेल्या जमिनीवर त्यानं
तांब्यातल्या पाण्याची रेघ ओढली,
बोटानं तिला वळणं दिली.

एका बेटावर तालो म्हणतात,
दुसऱ्यावर तारो, आणखी वर कालो.
जीभ जरा सरकते इतकंच,
आपली नाही का सरकत
पेडण्यापासून काणकोणपर्यंत?
होड्यांतून आले त्यांचे वाडवडील, चांदण्या बघत,
ओल्या पानांत कांद्याची पिल्लं गुंडाळून.
समुद्रात भाऊबंद पांगले,
कांदा मात्र सगळ्यांकडे एकाच घरचा.

उकडतात, दगडावर कुटतात,
आणि ते भांडं उघडं असेपर्यंत
घरात भांडायचं नाही.
"का?" मी विचारलं.
"थोरला भाऊ बसलाय ना मधे."

मग त्यानं ते सांगितलं,
तिकडच्या एका म्हाताऱ्यानं
बांधावर बसून त्याला सांगितलेलं.
पहिलं मूल जन्मलं ते श्वासाशिवाय.
घराच्या कडेला पुरलं.
आई तिथे रडत राहिली, माती भिजत राहिली,
एक दिवस कोंब:
लांब देठ, वाऱ्याशिवाय हलणारं पान.
दुसरा मुलगा जगला. ही सगळी माणसं त्याची.
थोरला जेवू घालतो,
धाकट्यानं त्याच्या पायाशी
पाणी खेळतं ठेवायचं.

विळीवर आईचा हात थांबला होता.
अर्धा चिरलेला देठ, त्याची धार
तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली
तरी तिनं पुसली नाही.
बराच वेळ नुसता पाटाचा आवाज.
मग म्हणाली,
"आमाडे घालतात काय रे ते त्यात?"
कायतान ओशाळला.
"विचारायचं राहिलं, वैनी."

चिऱ्यांच्या गडग्यापाशी, जिथे पाट वळतो,
अळवाचं एक बेट होतं.
माझ्या डोक्याच्या वर पानं,
एकेक सुपाएवढं.
त्यातलं एकही कधी आमच्या ताटात आलं नाही.
चवथीला नाही, पाहुणे खोळंबले तेव्हा नाही.
लहानपणी मी एकदा कोयती घेऊन गेलो,
तर ती ओल्या हातांनी धावत आलेली,
"ते नको. खाजरं आहे ते."

आमच्या घरात तो शब्द
फक्त ती उच्चारायची,
फक्त त्या बेटासाठी.

रेशनकार्डावर मी थोरला आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेलो.
वळणावर पोफळीची झापं पडून पाट अडला होता.
झापं ओढली, गाळ हातानं उपसला.
पाणी आलं, बुंध्याशी जरा घुटमळलं,
मग खालच्या बागेकडे निघून गेलं.

घरी येईपर्यंत कोपरापर्यंत होत होतं.
आईनं पाहिलं. खोबरेलाची बाटली
पुढे सरकवली.
मी नाव घेतलं नाही.
तिनंही नाही.