कळण्याची भाकरी

डॉक्टर फिरके म्हणाले, फिरा.
मी म्हणालो, डॉक्टर, आडनाव झोपे
आणि दीड वर्ष झालं, झोप नाही.
दोघंही हसलो. दंडावर पट्टा फुगला,
पारा एकशे साठाच्या पुढं जाऊन रेंगाळला
आउटरला उभ्या मालगाडीसारखा.

भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात माझी खुर्ची.
कानात निंभोरा, कानात सावदा, कानात बोदवड,
कुणाला सोडायचं, कुणाला लूपला घालायचं,
कोळसा आधी की माणसं आधी,
आणि उशीर झालाच तर तो कुणाच्या नावावर टाकायचा.
मध्ये मध्ये कचोरी. वर चहा. त्यावर गोळी.
घरी कुकरची शिट्टी झाली
की मी पेपरातून मान वर न काढता विचारायचो,
"कुठली आली?"

ज्योत्स्ना आधी हसायची.
मग हसायची थांबली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत मीठ कमी होतं, तळलेलं बंद.
ती तिनं चष्मा लावून दोनदा वाचली
आणि परात माझ्यापुढं सरकवली.
"आजपासून तुम्ही थापा. मी बसते."
आणि खरंच बसली,
शाळेतून आलेले पाय लांब करून,
मांडीवर लसणाचा गड्डा.

गिरणीवर उखाभाऊ.
चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद, सालासकट,
चिमूटभर मेथ्या.
"मीठ टाकू ना दळताना?"
नको म्हणालो.
त्यानं पट्टा थांबवून माझ्याकडं पाहिलं,
घरात कुणी गेल्यासारखं.
"मंग ते कळनं कायचं, बापा?"
भुवयांवर पीठ घेऊन तो बराच वेळ तसाच उभा.

पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाताना
फाटली, अर्धी अप, अर्धी डाऊन.
दुसरीला कड नव्हती.
तिसरीच्या वेळी तळव्याखाली पीठ
जरा ऐकू लागलं.
कोमट पाणी, उडदाचा चिकटपणा,
बोटांनी गोल फिरवत न्यायचं, घाई केली की चिरतं.
किती वेळ गेला माहीत नाही.
माहीत नाही, हे मी कितीतरी वर्षांनी म्हणालो.
माझ्या नोकरीत हे वाक्य चालत नाही.

सोबत अंबाडीची भाजी, कण्या घालून,
वरून लसणाची फोडणी,
बुक्कीनं फोडलेला कांदा, वाटीत दही.
मीठ कमी, ते कळत होतं.
प्रत्येक घासाला कळत होतं.
चौथ्या दिवशी अंबाडीचा आंबटपणा
पुढं येऊन बसला त्या रिकाम्या जागेवर,
आणि मी दुसरी भाकरी मोडली.

एप्रिलची रात्र. भिंती अजून तापलेल्या.
गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं,
सिमेंटनं ते चर्र करून पिऊन टाकलं.
मोबाईल ज्वारीच्या कोठीत पुरला
कैऱ्या पिकत घालतात तसा.
पाय बादलीत. शेजारी तिचेही,
बादली एकच, म्हणून थोडी ढकलाढकली.
बोललो फार नाही.
तिच्या वर्गातला एक पोरगा पाढे म्हणताना
सातापाशी अडतो, एवढं ती म्हणाली.
मी म्हणालो, अडू दे. सिग्नल मिळाला की जाईल.

झोप लगेच आली असं नाही.
पारा अजून एकशे बेचाळीसला आहे,
आणि परवा ड्युटीवर कचोरी खाल्ली,
हे डॉक्टरांना सांगायचं राहिलंय.
पण ओल्या चादरीखाली पाठ
हळूहळू खाटेवर टेकली, मणका मणका करत.

यार्डाकडून लांब शिट्टी आली.
ज्योत्स्ना अर्धवट झोपेत म्हणाली,
"कुठली हो?"
मला कळली होती.
बावीस मिनिटं लेट होती.
मी कुशीवर वळलो,
म्हणालो,
"असेल कुठलीतरी."