बंद गॅस

वालपराइसोच्या टेकडीवर
कलती लिफ्ट चालवणारी एउफेमिया
दोन फेऱ्यांच्या मध्ये चार पानं वाचते.

त्या जाड पुस्तकातला खुनी कोण,
आता नाव आठवत नाही,
र वरून काहीतरी.
विम्याचे कागद, खोटी सही,
गोदीतला पाठलाग, सगळं विरलं.

एवढंच राहिलं:
दारापर्यंत गेलेला तो मागे फिरला,
ज्याला मारलं त्याचंच सूप करपेल म्हणून
गॅस बंद केला.
त्या बटणावरच्या ठशांनी तो सापडला.

सात वर्षं झाली.
अजून पहाटे निघताना
ती बंद बटण पुन्हा चाचपते
आणि स्वतःचीच बोटं
जरा जास्त वेळ बघते.
खाली पहिली फेरी खोळंबलेली,
कुणीतरी घंटा वाजवतंय.