पाऊण जीबी

चार जीबीचे पैसे घेतलास,
आणि हे दाखवालंय तीन पॉइंट दोन पाच.
बाकीचं कुठं खाल्लंस, बसवंत?

निपाणीत वखारीला लागून अक्काताई हुंदरेंचा छापखाना.
तंबाखूचा खकाणा शाईच्या वासावर चढतो.
स्क्रीनवर लग्नपत्रिका.
नवरा चिकोडीकडचा, म्हणून मागची बाजू कन्नडात.
ती फाइल उघडताना मशीन धापा टाकायचं,
म्हणून तर काल मी दुसरी पट्टी बसवली.

झाकण काढून दाखवलं, बघा, दोन्ही आहेत.
त्यांनी नख लावून बघितलं.
म्हटलं, वखारीत पोत्याचं वजन वजा करतात, तसंच समजा.
त्या म्हणाल्या, पोतं दिसतंय की.
माझं उदाहरण तिथंच उसवलं.

मग बाद प्रूफवर पेन्सिलीनं एक गल्ली काढली.
सिस्टीम जुनी, बत्तीस बिटांची.
तिला चार जीबीएवढेच घरनंबर मोजता येतात.
त्यातले शेवटचे राखून ठेवलेत
स्क्रीनच्या कार्डाला, नेटला, आवाजाला.
टाकी, पंपघर, डीपी असतात ना गल्लीत,
तिथं कुणी राहत नाही,
पण पाटी त्यांनाही लागते.
त्या नंबरांवर जी घरं यायची होती,
ती आहेत. पाडली नाहीत कुणी.
नंबर नाही, एवढंच.

अक्काताईंनी चष्मा कपाळावर सारला.
म्हणजे पोस्टमन जात नाही.
नाही.
आणि लाइट?
लाइट आहे. सेकंदाला कितीतरी वेळा
प्रत्येक खोलीत दिवा फिरवून आणावा लागतो,
नाहीतर आतलं विझतं.
त्या पाऊण जीबीत पण?
त्यात पण.

वखारीत कुणीतरी सलग सात वेळा शिंकलं.

चौसष्ट बिटांची घातली तर सगळं दिसेल, मी म्हटलं,
पण तुमचा कन्नडचा डोंगल चालणार नाही.
त्यांनी मागची बाजू पुन्हा एकदा वाचली,
ओठ हलवत, अक्षर लावत.
ऱ्हाऊ दे मग. आहे ना आत?
आहे.

बिल बाराशेचं. त्यांनी हजार मोजले.
दोनशे आहेत रे, म्हणाल्या,
नंबर मिळाला की देते.

आणि पेन्सिलीची ती गल्ली
चार घड्या घालून गल्ल्यात टाकली,
सुट्या पैशांच्या खाली,
जिथं माझे दोनशे असणार.