फ्रिजवरचा आंबा

फिलोमिनाबाईंनी गाडी उन्हात उभी केली होती,
हा पहिला गुण मी त्यांना मनातल्या मनात दिला.
सावलीत, नुकत्या धुतलेल्या, सगळ्याच बऱ्या दिसतात.

गोल दिवे, फुगीर गाल, नाकावर चांदीची पट्टी,
मागचं अंग लांब, पत्र्याच्या ट्रंकेसारखं.
दोन हजार सातची पैदास, पण नटलीय अशी
जणू कुणा संस्थानिकाची बग्गी घोडे सोडून पेट्रोलवर आली.
जो काळ तिनं पाहिलाच नाही त्याची आठवण काढत उभी,
आणि मला, खरं सांगायचं तर, ते आवडलं.
म्हणूनच दस्तगीर मिस्त्रीला सोबत नेलं होतं.
त्याला काही आवडत नाही.

माझं रोजचं नंदगड, वाटेत खानापूर, गुरुवारी जांबोटी.
मागे बर्फाची पेटी, पेटीत लोकांचं रक्त,
नळ्यांवर नावं, साडेअकराच्या आत बेळगावात, लॅबच्या दारात.
सीट दुमडून बघितली. सपाट झाली.
घरून आणलेली पेटी बसली, वर चार बोटं जागा उरली.

मग पर्समधून मॅग्नेट काढलं, फ्रिजवरचं, आंब्याच्या आकाराचं.
पुढचं दार: टक. बॉनेट: टक. टप: टक.
डाव्या मागच्या दाराखाली मात्र घसरलं, पडलं.
"पुट्टी," दस्तगीर म्हणाला, नखानं वाजवून. "भरलंय की इथं."
फिलोमिनाबाई कुंडीतलं काहीतरी खुडत होत्या.
"चोर्ल्यात," त्या म्हणाल्या. "तेच चालवत होते.
काही लागलं नाही त्यांना."
आणि बऱ्याच वेळानं, "तेव्हा."

तेल काळं, पण दाट. चार टायर तीन कंपन्यांचे.
स्टेपनीला अजून रबराचे केस, एकदाही रस्ता न बघितलेली.
पासिंग नऊ नंबर, कोल्हापूरचं,
म्हणजे तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स,
कन्नडमधला फॉर्म, तो मी भरते, हात बसलाय आता,
आडनाव तेवढं एका चौकोनातून बाहेर जातं.

कॅम्पातून टिळकवाडीकडे काढली. क्लच जरा उंच धरतो.
दुसऱ्या गेटला फाटक पडलं.
हात किल्लीकडे गेला तसा दस्तगीर ओरडला,
"बंद करू नका! चालू राहू दे. नोडोण."
दुपारचा एक. पुढे रिक्षा, मागे उसाचा रिकामा ट्रॅक्टर,
आणि मालगाडी, जिला कसलीच घाई नाही.
मी डबे मोजत होते, दस्तगीर काटा.
अठरा. काटा मधोमध.
सत्तावीस. केसभर वर.
चौतीसला मी श्वास धरला.
छत्तिसाव्या डब्याला आत कुठंतरी खरर झालं,
पंखा जागा झाला,
आणि काटा, शाळेतल्या पोरासारखा, जागेवर येऊन बसला.

दस्तगीर काही बोलला नाही.
एवढी स्तुती त्यानं स्वतःच्या पोराची केलेली नाही.
फाटक उघडल्यावर म्हणाला, "छलो ऐती. पण एक ऐका.
हिचं सामान हुबळीत नाही, कोल्हापुरात नाही.
पुण्यात एक म्हातारा ठेवतंय.
ते गेलं की संपलं बघा."

अंगणात परत आलो. पुट्टीचे बारा, टायरचे दहा,
बावीस हजार कमी करून मी आकडा सांगितला.
फिलोमिनाबाईंनी हिशेब नीट ऐकला.
"बरोबर," म्हणाल्या. "आणि पंखा चांगला निघाला,
त्याचे किती धरलेस?"

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं.
दस्तगीर स्कूटरला किक मारत हसत होता, तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

रात्री दूध ठेवताना बघितलं, फ्रिजवर आंबा नाही.
लाईटबिल खाली पडलेलं.
टपावरच राहिला असणार, कॅम्पातल्या त्या अंगणात.
गेट ते कॅम्प, वाटेत चार खड्डे होते,
पण आपण तर परतल्यावर पुन्हा एकदा लावून बघितला होता,
की नव्हता?